स्वतःच्याच तक्रारीचं भाषांतर

"तुमचं प्रोफेशन काय?" व्हिसाच्या ऑफिसात काचेपलीकडच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"टीचर. फिजिकल एज्युकेशन टीचर," मी म्हणाले.

त्यांनी कागदांवरून मान वर केली. "पण अर्ज तर स्पोर्ट्स प्रोफेशनल म्हणून आहे."

"हो. मी सॉफ्टबॉलची कोच आहे."

"शाळा पगार कशाचा देते?"

"पी.टी. टीचरचा."

"कोच म्हणून वेगळी नेमणूक?"

नव्हती. आमच्याकडे ती कुणाचीच नसते. पी.टी.चा तास घेणारा माणूसच शाळा सुटल्यावर मैदानावर कोच होतो, हे मला त्या बाईंना सांगायचं होतं. इंग्रजी मला बऱ्यापैकी येतं. पण मागे रांगेत उभी असलेली माणसं ऐकत होती. मी "नो मॅडम" एवढंच म्हणाले आणि खाली बघत राहिले.

मी सोनगीरची. नोकरी धुळ्यातल्या एका शाळेत, रोजचं जाणं-येणं हायवेने. शाळेत आल्यापासून मी मुलींचं सॉफ्टबॉल बघते, आणि त्यातही पिचिंग. पिचर म्हणजे बॅटसमोर बॉल टाकणारी मुलगी. ती हात खांद्याभोवती पूर्ण गोल फिरवून खालून बॉल सोडते. बघायला सोपं वाटतं. पण मनगट चुकीच्या वेळी सुटलं तर बॉल थेट कॅचरच्या, म्हणजे बॅटमागे बसून तो पकडणाऱ्या मुलीच्या, डोक्यावरून जातो. हे मनगट शिकवणं माझं काम. माझी एक जुनी विद्यार्थिनी शिकायला जर्मनीला गेली आणि तिथल्या एका गावच्या क्लबमध्ये खेळू लागली. तिचं पिचिंग बघून क्लबने विचारलं, तुला कुणी शिकवलं? त्यातून मला बोलावणं आलं. पूर्ण वेळ कोच.

जर्मनीत अशा कामासाठी राहायचं तर दोन गोष्टी लागतात. व्हिसा तिथे शिरण्यापुरता. रेसिडेन्स परमिट म्हणजे तिथे राहून काम करण्याची परवानगी. ते तिकडे गेल्यावर तिथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात मिळतं. पण तुम्ही खरोखर खेळातले प्रोफेशनल आहात की नाही, हे व्हिसाच्या वेळीच ठरवतात. आणि कोच असाल तर तिथल्या त्या खेळाच्या फेडरेशनने लिहून द्यावं लागतं की या माणसाला हे काम येतं. क्लबने हौसेने स्वतःचं पत्र पाठवलं होतं. फेडरेशनचं नव्हतं. माझ्याकडचे सगळे कागद मी शिक्षिका असल्याचं सांगत होते, आणि तोंडाने मीही तेच सांगून आले.

पासपोर्ट परत आला. आत नकाराचं पत्र होतं.

यात लाज वाटण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. नकार रोज कित्येकांना येतात. पण माझा निरोप समारंभ होऊन गेला होता. शाळेत शाल, श्रीफळ. गावात आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीतल्या एका लग्नाच्या जेवणावळीत माइक मागून घेतला होता आणि आमची वर्षा जर्मनीला जाते म्हणून सांगितलं होतं. हायवेवरच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. त्यात मी, माझ्या डोक्यावर विमान आणि कडेला शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. ज्या भाऊंनी तो लावला, त्यांना मी फोन केला. "भाऊ, तेवढा उतरवून घेता का?"

"का हो ताई?"

"जाणं थोडं लांबलंय."

"मग राहू द्या की. जाल तेव्हा कामाला येईल."

मी धुळ्याला जायचंच बंद केलं. भाजी आईने आणायची. दारात कुणाची मोटारसायकल थांबली की मी मागच्या खोलीत. एकदा मेडिकलच्या दुकानात गाठलंच एका बाईने. "वर्षाताई, तू अजून इथंच?" त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, "कागद चालू आहेत." नंतर हेच वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की आईसुद्धा माझ्या वतीने तेच म्हणू लागली.

नानांनी महिनाभर बघितलं. ते बोलणारे कमी. समोरच्या घरी हळद होती, मांडवात गाणी चालू होती. मी घरातच होते. गाणी थांबली आणि माइकवरून नानांचा आवाज आला.

"मन्ही पोरनं जर्मनीनं काम आते जमनं नही. ती आठेच शे. तिले कोनी इचारू नका. इचारनं व्हई ते माले इचारा."

पोरगी इथेच आहे, विचारायचं ते मला विचारा, हे सगळ्या मांडवाने ऐकलं. मग माइक परत दिल्याची खरखर, आणि पुन्हा गाणी.

 नाना घरी आले तेव्हा मी चिडून म्हणाले, "नाना, मला विचारायचं तरी."

"बठ्ठा गावले मीच सांगेल व्हतं," ते म्हणाले. "मंग हाई कोन सांगी?"

सगळ्या गावाला आधी त्यांनीच सांगितलं होतं, हे खरं होतं. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि हातपाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. कुणी काही विचारलं नाही. ते विचारण्याहून जड गेलं.

आता शाळेचा प्रश्न. मी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. माझ्या जागी कंत्राटावर रूपालीला घेतलं होतं. रूपाली साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावरची, माझीच विद्यार्थिनी, माझी आजवरची सगळ्यात चांगली कॅचर. तिकडच्या एका निवासी शाळेतली नोकरी सोडून ती आली होती. मुख्याध्यापकांनी मला समोर बसवून सांगितलं, "तुमचा हक्क आहे, मॅडम. तुम्ही हजर झालात की तिची ऑर्डर संपली."

बाहेर व्हरांड्यात रूपाली उभी होती. "मॅडम, तुम्ही या. मी बघते माझं."

"कुठे बघशील?"



मी हजर झाले नाही. रजा तशीच ठेवली आणि संध्याकाळी मैदानावर फक्त पिचरना शिकवायला जाऊ लागले. वर्षामॅडमनी पोरीची नोकरी वाचवली, असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. तसं काही नव्हतं. निरोपाचं भाषण ज्या हॉलमध्ये ऐकलं, तिथे जाऊन पुन्हा मस्टरवर सही करायची मला लाज वाटत होती, एवढंच. रूपालीचं भलं त्यात आपोआप झालं.

आता ती कोच होती आणि मी मदतनीस. जळगावला विभागीय स्पर्धेला गेलो तेव्हा पंचांनी लाइनअप मागितला. लाइनअप म्हणजे बॅटिंगचा क्रम, तो कोचने द्यायचा असतो. सवयीने माझाच हात पुढे गेला. "हेड कोच कोण?" पंचांनी विचारलं. मी मागे सरले. रूपालीने लाइनअप दिला. समोरच्या टीमचे कोच माझ्या ओळखीचे. ते हसून म्हणाले, "काय मॅडम, जर्मनी जळगावपर्यंतच का?" मीही हसले. दुसरं काय करणार.

क्लबच्या मॅनेजर बाई मात्र सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी फेडरेशनकडे खेटे घातले. फेडरेशन म्हणालं, पिचिंग शिकवतानाचे व्हिडिओ पाठवा आणि सध्या ज्यांच्या हाताखाली काम करता, त्या हेड कोचशी आम्हाला बोलू द्या.

हेड कोच म्हणजे रूपाली. जिला मी ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा ते शिकवलं, तिने माझ्याबद्दल सांगायचं की मला काम येतं. तिला हे सांगायला मला दोन-तीन दिवस लागले. "बोलेन की, मॅडम," ती म्हणाली. "पण माझं इंग्लिश?"

ठरलं असं की शाळेतले इंग्रजीचे सर दुभाष्याचं काम करतील. कॉल दुपारी होता, तिकडे सकाळ. नेमके त्याच दिवशी सर घरच्या अडचणीमुळे आलेच नाहीत. कॉल लागला. फेडरेशनच्या बाई स्क्रीनवर, पांढरे केस, समोर वही. मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच करा भाषांतर. जसंच्या तसं करा."

आधी सोपं गेलं. पिचरला दुखापत होऊ नये म्हणून काय करता, सराव किती देता. रूपाली माझं कौतुक करत होती आणि मी मान खाली घालून ते इंग्रजीत सांगत होते. स्वतःचं कौतुक भाषांतर करणं अवघडच आहे. पण पुढचा प्रश्न आला: "त्यांच्यात सुधारण्यासारखं काय आहे?"

मी मराठीत विचारलं. रूपालीने माझ्याकडे पाहिलं.

"सांग," मी म्हणाले. तिने "काही नाही" म्हणावं अशी माझी अपेक्षा होती.

"मॅच हरलो की मॅडम मुलींशी बोलत नाहीत," रूपाली म्हणाली. "कधीच नाही. बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसतात. ज्या पिचरच्या हातून मॅच गेली, तिला वाटतं आपण मोठा गुन्हा केला. मी खेळत होते तेव्हापासून असंच आहे."

  स्क्रीनवर बाई पेन धरून थांबल्या होत्या.

मी म्हणाले, "समटाइम्स, आफ्टर अ लॉस, शी इज क्वाएट."

"मॅडम," रूपाली हळू आवाजात म्हणाली, "समटाइम्स नाही. मी 'कधीच नाही' म्हटलं."

तेवढं इंग्रजी तिला येत होतं. मी तिच्याकडे बघू शकले नाही. पुन्हा स्क्रीनकडे वळले आणि सगळं सांगितलं: नेव्हर, बस, पुढची सीट, गुन्हा. शेवटच्या शब्दाचं इंग्रजी मला आठवेना, मी समजावत राहिले तेव्हा तो बाईंनीच पुरवला.

"मग त्या वेळी मुलींशी कोण बोलतं?" त्यांनी विचारलं.

"आधी मी बोलायचे," रूपाली म्हणाली. "कॅचर होते ना. आता कोच म्हणून बोलते."

हेही मी भाषांतर केलं. बाईंनी लिहून घेतलं, आभार मानले आणि कॉल संपला.

रूपालीने लॅपटॉप बंद केला. "मॅडम, चुकलं का माझं?"

"नाही."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

मी खिडकीकडे बघत होते. खरंच बोलत नव्हते. "चहा घेऊ," मी म्हणाले, आणि आम्ही कॅन्टीनला गेलो. तिथे मी तिला विचारलं की कुणाकुणाला तसं वाटायचं. तिने नावं घेतली. बरीच होती. त्यातल्या एकीने खेळ का सोडला, हे मला त्या दिवशी कळलं.

फेडरेशनचं पत्र आलं. दुसऱ्यांदा अर्ज केला. काचेपलीकडे या वेळी वेगळे अधिकारी होते. त्यांनी प्रोफेशन विचारलं, मी म्हणाले, "सॉफ्टबॉल पिचिंग कोच," आणि ते पुढच्या प्रश्नावर गेले. व्हिसा मिळाला. शाळेचा राजीनामा दिला, रूपालीची ऑर्डर पुढे वाढली. गावात कुणालाही सांगितलं नाही. नानांनी धुळ्याच्या स्टँडपर्यंत सोडलं आणि बस सुटायच्या आधीच ते परत फिरले.

इथे जर्मनीत आल्यावर नगरपालिकेच्या ऑफिसातून परमिटचं कार्ड मिळालं. त्यावर लिहिलंय की मी याच क्लबसाठी कोच म्हणूनच काम करू शकते, दुसरं काही नाही. शिक्षिकेचं काम मला आता कायद्याने मना आहे.

पांढऱ्या केसांच्या त्या बाई एका स्पर्धेत भेटल्या. रूपालीच्या बोलण्याने माझं काम झालं की अडता अडता राहिलं, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही. त्यांनी माझ्या पिचरचं कौतुक केलं, रूपाली कशी आहे ते विचारलं आणि पुढे गेल्या.

असा अर्ज करायची वेळ कुणावर आली तर माझ्याकडून एवढंच. क्लबच्या पत्रावर विसंबू नका, फेडरेशनचं घ्या. आणि दुभाषी दोन ठरवून ठेवा.