अकरा घरांचं चिपाड

नीलम्माच्या हातची भाकरी कागल भागात नावाजलेली, आणि तिचा राग भाकरीहून नावाजलेला. हंबीररावांच्या गुऱ्हाळावर ती तीस वर्षं राबली. घरी जाताना बायकांनी उसाच्या वाळल्या चिपाडांचा एकेक भारा न्यायचा, ही जुनी रीत. त्यावर गल्लीतल्या अकरा घरांच्या चुली पेटत.

२००६ साली हंबीररावांनी गुऱ्हाळाशेजारच्या आपल्या कारखान्याच्या बॉयलरात कोळसा बंद करून चिपाड घातलं. कोळशाचा धूर वाचवला म्हणून परदेशातून त्यांना कार्बनचे पैसे मिळू लागले. झालं, चिपाडाला सोन्याचा भाव आला! नीलम्माच्या डोक्यावरचा भारा त्यांनी सगळ्यांदेखत खाली पाडला. "फुकटचं दिवस गेलं, आक्का. गॅस घे की!"

गॅस म्हणे! घरात दोन-दोन सिलिंडर असणाऱ्याला एवढंच सुचायचं. रॉकेल परवडेना, म्हणून नीलम्मा ओली बाभळ, फाटक्या चपला, टायरचे तुकडे जाळू लागली. रात्रंदिवस खोकायची आणि दात-ओठ खात वाट बघायची.

संधी हंबीररावांनी स्वतःच्या पायांनी आणून दिली. धूर खरंच वाचतो का, हे तपासायला मुंबईहून साहेब आला. पाहुण्याला चुलीवरची भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं तर हंबीररावांची इज्जत काय राहिली? आणि भाकरी म्हटली की नीलम्माच. ते साहेबाला घेऊन थेट तिच्या घरी आले.

"या पावणं, बसा," नीलम्मा गोड बोलली आणि तिने चुलीत टायरचा तुकडा सारला.

साहेबाचे डोळे वाहू लागले. पहिलाच घास घशाखाली उतरेना. "आजी, काय जाळताय हे?"

"आदी चिपाड जाळत हुतो. आता त्ये ह्यांच्या बॉयलरात जातंय. धूर वाचीवल्याचं पैसं ह्यास्नी, आन् धूर आमास्नी!"

साहेब जेवण सोडून उठला, अकराही चुली बघून आला. वाचलेला धूर या चुलींतून निघतोय, असं त्याने लिहून दिलं आणि महिन्याभरात कार्बनचे पैसे थांबले. नीलम्माला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

मग हंबीरराव ट्रॉलीभर चिपाड घेऊन दारात हजर. हातात साहेबाला पाठवायला टाईप केलेला कागद, 'आमची सोय झाली, तक्रार नाही.'

"आक्का, अंगठा दे तेवढा."

"आदी ट्रॉली रिकामी करा."

अकराही घरांत चिपाड पोचेपर्यंत ती उंबऱ्यात बसून राहिली. मग तिने कागद मागून घेतला, चुरगाळला, चुलीत घातला आणि त्यावर चिपाड रचून काडी ओढली.