कुठला परवा?

सुईणीचे हात स्वच्छ आहेत ना, हे तपासून मगच जन्माला आला असेल, असा एकच माणूस मला ठाऊक आहे : आमच्या ऑफिसातले चाचा. आखातातल्या एका गोदीत क्रेनचे दोर तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. रत्नागिरीला परतल्यावर त्यांनी कुकर, गॅसची नळी आणि चाचींचा स्वयंपाक तपासायला घेतला, तेव्हा चाचींनी पुतण्याला निर्वाणीचं सांगितलं, "ह्यांना तुझ्या ऑफिसात ने, नाहीतर मी माहेरी जाते." पुतण्या म्हणजे आमचा मालक. दवाखान्यांसाठी, लॉजसाठी सॉफ्टवेअर बनवायचा त्याचा तीन खोल्यांचा धंदा. त्याने चाचांना टेस्टिंगच्या टेबलावर बसवलं आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. मला प्रोग्रॅमिंग कधी जमलं नव्हतं. टेस्टिंग म्हणजे काय, बटणं तर दाबायची, अशा समजुतीने मी या क्षेत्रात आलो होतो.

चाचा खुर्चीवर आधी हात टेकत, मग अर्धे बसत, मग पूर्ण. तीच खुर्ची, रोज. "काल धरलेला दोर आज धरेलच कशावरून?" प्रोग्रॅममध्ये कुणी एक अक्षर बदललं तरी कालच्या सगळ्या तपासण्या ते मला पुन्हा करायला लावत. वयाच्या चौकटीत अठरा ते साठ चालतं म्हटल्यावर मी ऐटीत तीस घातले आणि 'ठीक' असं लिहून मोकळा झालो. चाचांनी सतरा, अठरा, साठ, एकसष्ट घातले, मग काहीच न घालता बटण दाबलं, शेवटी वयाच्या जागी 'बांगडा' लिहिलं. बांगड्याची नोंदणी झाली. "बावा, तिशीतल्या माणसाला कोण अडवतो? भांडण नेहमी उंबरठ्यावर होतं," ते म्हणाले. मी शोधलेला पहिला दोष 'बटण नीट चालत नाही' असा लिहून दिला, तर म्हणाले, "माझा गुडघापण नीट चालत नाही. कुठलं बटण? तीन गोष्टी लिही : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. राग लिहू नको, तो वाचणाऱ्याकडे आयता असतो."

पडद्यावरची अक्षरं ते दुकानाच्या पाटीएवढी करत आणि नाक काचेला लावून वाचत. चाचा चुका वासावरून काढतात, असा विनोद मी ऑफिसभर पसरवला होता. खरं कारण मोतीबिंदू होता. मुंबईचा डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदाच, दर वेळी वेगळ्या वारी, एका दवाखान्यात येई, आणि त्या दवाखान्याचा प्रोग्रॅम आमचाच होता. पेशंटला आठवण करून देणारा मेसेज तपासायचं काम माझ्याकडे होतं : 'आपली तपासणी परवा सकाळी दहा वाजता.'

"कुठला परवा?" चाचा म्हणाले. "गेलेला की येणारा?"

"चाचा, गेलेल्या परवाची आठवण कोण कशाला देईल?"

"बरं. आणि मेसेज उशिरा पोचला तर? रेंज नसलेल्या गावात तपासलंस?"

"तपासलं ना. लगेच पोचतो."

तपासलं होतं. एक फोन टेबलाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मला शिमग्याला गावी जायची घाई होती. 'सगळं ठीक' लिहून सही ठोकली आणि एसटी पकडली.

सोमवारी चाचांना त्यांच्याच तपासणीचा मेसेज गेला, तेव्हा ते खाडीपलीकडे बहिणीकडे होते. तिथे रेंज हवी तर गावामागच्या सड्यावर, उघड्या कातळमाथ्यावर, चढावं लागतं. ते मंगळवारी चढले, मेसेज आला, त्यांनी बोटांवर परवा मोजला आणि गुरुवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून दवाखान्यात हजर झाले. डॉक्टर आदल्या दिवशी, बुधवारीच, येऊन मुंबईला परतला होता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खुर्चीवरही विश्वास टाकला नाही, त्याने माझ्या 'लगेच पोचतो'वर टाकला.

शिमग्याहून परतलो तर टेबलावर कागद. मोठी, वाकडी अक्षरं.

'काय केलं : मेसेज वाचला. काय व्हायला हवं होतं : डॉक्टर भेटायला. काय झालं : वॉचमन भेटला. माणूस चांगला आहे.'

राग कुठे नव्हता. खाली 'तपासणाऱ्याचं नाव' अशी ओळ कोरी सोडली होती. ती मी भरली.

पुढचा महिनाभर मी त्यांना पडदा वाचून दाखवला. टेस्टिंग मी त्या महिन्यात शिकलो. त्याआधी नुसती बटणं दाबत होतो. ऑपरेशन झाल्यावर ते पहिल्यांदा ऑफिसात आले, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुला मिशी आहे?"

आता ते चाचींना घेऊन मुलाकडे गेलेत, पुन्हा आखातात. आमच्या मेसेजमध्ये वार, तारीख, महिना, सगळं असतं. नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी बजावतो : काही गृहीत धरू नका, विचारा. चाचांचा फोन मात्र येतो, माझे नवे दोष ऐकून ते खूश होतात आणि ठेवताना दर वेळी म्हणतात, "येतो रे बावा. परवा येतो."

कुठला परवा, हे मी विचारत नाही.