डावी भुवई

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे कडूबाई म्हणत, तेही तोंडावर. दोष स्वभावाचा नव्हे, तिच्या बाटलीचा. धुळीत आणि रंगात काम करणाऱ्यांचे मास्क चेहऱ्याला नीट बसतात की नाही, हे दरवर्षी तपासणं हे तिचं काम. मास्क लावायचा, डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवायचं आणि त्याच्या भोकातून निरुपद्रवी पण भयंकर कडू पाण्याचा फवारा मारायचा. आतल्याने मान हलवायची, वाकायचं, मोठ्याने बोलायचं. जिभेला कडू लागलं, म्हणजे मास्कला फट आहे. आणि फट असेल त्याला धुळीच्या खोलीचं दार बंद. दिवसभर फवारून तिची बोटंही कडू होत. घरी नवरा तिला आधी हात धुवायला लावी आणि मगच तिच्या हातून चहाचा कप घेई.

त्या दिवशी रांगेत तिचे बाबा होते. लाकूड घासायच्या खोलीत त्यांची हयात गेली होती. घासलेल्या फळीवरून डोळे मिटून तळवा फिरवायचा आणि ‘अजून एक हात हवा’ म्हणायचं, हे त्यांचं सुख. लहानपणी संध्याकाळी त्यांचा शर्ट झटकायचं काम तिचं असे. केवढी धूळ उडायची! तेव्हा तिला त्या ढगाची गंमत वाटे. आता ते आठवलं की वाटे, शर्टावर एवढी, तर छातीत किती गेली असेल? खरं तर त्या प्रश्नापायीच तिने हे काम धरलं होतं.

बाबा गुळगुळीत दाढी करून, हनुवटीला कापून घेऊन, ओठ घट्ट मिटून आले. स्वारी रुसलेली दिसतेय, असं तिला वाटलं.

कडू कळतं का हे पाहायला पहिला फवारा मास्कशिवाय मारायचा असतो. बाबांची डावी भुवई टुणकन कपाळावर चढली. या भुवईला ती चांगली ओळखून होती. औषध पिऊन बाबा आईला “छान आहे” म्हणत, आणि भुवई चहाडी करी.

मग मास्क लावून फवारा. “लागलं काही?”

बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. भुवई वर.

“बाबा, तुमची भुवई बोलतेय.”

“तू कर ना पास. बाप आहे मी तुझा.”

“मॅडम, मग मलाही मुलगा समजा!” रांगेतून रंगारी ओरडला. सगळे खिदळले.

ती हसली नाही. “करते पास. आणि रोज रात्री तुमच्या खोकल्याच्या धास्तीने जागी राहते. चालेल?”

बाबा हळूच म्हणाले, “पॅकिंगला पाठवतील गं. खुर्च्यांना कागद गुंडाळत बसू? दिवसभर लाकडाला हात नाही लागायचा.”

तिला भडभडून आलं. पण नाही म्हणजे नाही. तिने लहान मास्क लावून पाहिला, मोठा लावून पाहिला. भुवई वरच. गेल्या वर्षी तर त्यांचा नेहमीचा मास्क कसा चपखल बसला होता! यंदा गालांशी खड्डे पडलेले दिसत होते. “जरा मोठ्याने बोला,” ती म्हणाली. बाबा बोलू लागले आणि त्यांच्या प्रत्येक ‘स’मधून हवा सुटू लागली.

“मास्क काढा. तोंड उघडा.”

आत नुसतं बोळकं!

“कवळी कुठाय?” मागच्याच महिन्यात, दात काढून झाल्यावर, तिने स्वतः त्यांना नेऊन ती बसवून आणली होती.

“लॉकरमध्ये. डबीत.” बाबा ओशाळले. “नवीकोरी आहे गं. धूळ बसेल तिच्यावर. पाहुणे आले की घालतो ना मी.”

तिने कपाळावर हात मारला. फ्रिजच्या दांडीवरचं प्लॅस्टिक फ्रिज मोडीत जाईपर्यंत काढू न देणारा माणूस हा! दातांना धूळ लागू नये म्हणून फुफ्फुसं पणाला लावून बसला होता. आता मात्र तिला हसू आवरेना.

“पळा! घेऊन या! आणि यापुढे रोज कामावर घालायची.”

बाबा कवळी घालून, चुळा भरून आले. गाल भरले, मास्क गच्च बसला. फवारा. मान इकडे, मान तिकडे, वाका, बोला. भुवई जागची हलेना. तिचा जीव मात्र टांगणीलाच होता, कारण भुवईचं गुपित आता तिनेच त्यांना सांगून ठेवलं होतं. मुद्दाम दाबून धरली असली तर?

“बाबा, मास्कच्या कडेखाली बोट घाला. जरा फट करा.”

त्यांनी बोट घातलं, आणि भुवई जी उसळली! नाक, डोळे, कपाळ, सगळ्या चेहऱ्याचा चोळामोळा झाला. “अगं आई गं!” बाबा ओरडले. म्हणजे इतका वेळ आत खरोखरच काही शिरलं नव्हतं. रांगेने टाळ्या पिटल्या.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने टोपडं काढलं, मास्क काढला आणि भर रांगेदेखत बापाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात मायेने फिरवले. बोटं ओठांवरून गेली, तशी भुवई पुन्हा वर चढली.

“छान आहे,” बाबा म्हणाले.