भाऊजींचा सोमवार

माझे भाऊजी कवळ्या बनवतात. बनवायचे, असं म्हणायला हवं, पण माझी जीभ अजून तिकडे वळत नाही. दातांचा डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचा आणि पुढचं सगळं भाऊजींच्या टेबलावर व्हायचं: प्लास्टरचा साचा, मेणात एकेक दात बसवणं, गुलाबी हिरडी, घासणं, पॉलिश. या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आमच्या भाऊजींचा हात आहे, असं मी चारचौघांत सांगायचे आणि ताई माझ्याकडे डोळे वटारून बघायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बसमध्ये समोरचे आजोबा हसले की भाऊजी हळूच माझ्याकडे झुकून म्हणायचे, "वरची माझी आहे." खालची दुसऱ्या कुणाची निघाली तर पुढचे दोन स्टॉप तोंड पाडून बसायचे.

त्यांचे कामाचे नियम ठरलेले होते. कवळी तयार झाली तरी त्याच दिवशी बाहेर जायची नाही. रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी ताज्या डोळ्यांनी बघायची, मग सोडायची. नुकतंच संपवलेलं काम आपल्याला फसवतं, असं त्यांचं म्हणणं. पोस्टानं तर कधीच पाठवायची नाही, स्वतः नेऊन द्यायची. आणि द्यायचा दिवस सुट्टीचा आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळेला दारात हजर. डॉक्टर, लॅबचे मालक, पेशंट, सगळ्यांना हे मान्य होतं. उशीर झाला असं त्याला कुणी म्हणत नसे.

आता परवान्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. भाऊजींचा या परक्या देशात राहायचा आणि काम करायचा परवाना दोन दोन वर्षांचा, आणि ताईचा त्यांच्या परवान्याला बांधलेला. मुदत संपायच्या आत नवा अर्ज दिला की निर्णय लागेपर्यंत इथे राहणं आणि काम करणं कायदेशीर, आणि नवी दोन वर्षं निर्णयाच्या दिवसापासून. अशी सलग दहा वर्षं, मध्ये एका दिवसाचाही खाडा न होता, भरली की माणूस कायमचा राहायला मोकळा. अर्ज पडून असताना देश सोडला तर मात्र तो अर्ज मेला. भाऊजींचे वडील गेले तेव्हा असाच एक अर्ज पडून होता. त्यांनी सगळं फोनवर पाहिलं, तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी लॅबला गेले. पुढे कित्येक दिवस मी त्यांची थट्टा केली नाही. मी स्वतः लग्नामुळे इथली झाले होते. मला असलं काही सोसावं लागलं नाही, आणि हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

तर नऊ वर्षं चार महिने झाले होते. आठ महिने उरले होते. ताईने खिडकीला नवे पडदे शिवायला घेतले होते, इतकी ती निर्धास्त झाली होती. चालू परवान्याची मुदत रविवारी संपत होती. अर्ज गुरुवारी संध्याकाळी भरून झाला आणि भाऊजींनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. "पाण्यात ठेवलाय," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. ते लॅबला निघायच्या तयारीत होते, वाटेत अर्ज देऊन पुढे जाणार होते. मला कुठे गप्प बसवतंय? ड्रॉवर उघडला, पानं चाळली आणि सहाव्या पानावर बोट ठेवलं. आधीच्या घराचा नंबर चौदा, त्यांनी लिहिला होता एक्केचाळीस. मी खो खो हसले. म्हटलं, काय हो भाऊजी, दात उलटे बसवलेत.

त्यांनी तो आकडा खोडून वर बरोबर लिहिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ठिगळ लावलेलं काम भाऊजी सोडतील तर शपथ. त्यांनी लॅबमध्ये उशिरा येतो म्हणून कळवलं, कोरा अर्ज काढला आणि अकराच्या अकरा पानं पुन्हा लिहिली, त्यांच्या त्या मोजून मापून काढलेल्या अक्षरात. संपली तेव्हा साडेचार वाजले होते आणि कचेरी चारला बंद होते. मी म्हटलं, पोस्टात टाकूया, शिक्का आजचा पडेल. ते नको म्हणाले. शनिवारी कचेरी बंदच, आणि शेवटचा दिवस रविवार, सुट्टीचा, म्हणजे सोमवार धरतात, सगळीकडे तसंच असतं. ऊठसूट वाद घालणारी मी, मलाही ते पटलं. घराच्या नंबराची चूक नंतर साध्या पत्रानं दुरुस्त करता येते, हे मला महिन्याभरानं कळलं. कुणाला दोष द्यायचा झाला तर आधी माझ्या त्या बोटाला द्या.

सोमवारी आम्ही रांगेत पहिले होतो. कचेरीच्या पायऱ्यांशेजारी लोखंडी पेटी होती, दार उघडेपर्यंत मी तिलाच टेकून उभी होते. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडकीत साठीच्या आसपासची बाई होती, शांत आवाजाची. तिनं तारीख पाहिली, भाऊजींकडे पाहिलं, पुन्हा तारीख पाहिली.

"तुमची मुदत काल संपली," ती म्हणाली.

भाऊजींनी सांगितलं की काल कचेरी बंद होती. तिनं सांगितलं की बाहेरची अर्ज टाकायची पेटी रविवारीही उघडी असते, तिच्यावर तसं लिहिलेलंही आहे. मी जिला टेकले होते तीच पेटी. मग तिनं एकेक गोष्ट समजावून सांगितली. हा अर्ज मुदतीतला धरता येणार नाही. कालपासून राहणं कायदेशीर नाही. आजपासून काम करायचं नाही. तीस दिवसांत निघून जावं, बाहेरून नव्यानं अर्ज करावा. दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मी भांडले. वडिलांचं सांगितलं, नऊ वर्षांचं सांगितलं, आवाज चढवला, रखवालदार येऊन उभा राहिला तरी बोलत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एक दिवस म्हणजे एक दिवस. उद्धटपणे म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

 मी भांडत असताना भाऊजी नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, माणसाची दातखीळ बसली. त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, तर पायरीवर थांबून म्हणाले, "वरची माझी आहे. डावीकडे उचलतेय. बोलताना जिभेनं दाबत होती बिचारी."

मी त्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारी म्हणे.

पुढचे दिवस वकिलांच्या दारात गेले. एक जण म्हणाला, खाडा माफ करायला कारण लागतं: आजारपण, अपघात, मृत्यू. काम एक रात्र ठेवून मगच सोडायची सवय, हे कारण होत नाही. लॅबच्या मालकानं निरोप पाठवला, तीन कवळ्या अर्ध्या राहिल्यात, घरी बसून पुऱ्या करून द्या, कोण बघायला येतंय? भाऊजी नाही म्हणाले. ताई रडत होती. तिनं विचारलं, आता सगळं गेलंच आहे, तर काय फरक पडतो?

"नऊ वर्षं चार महिने मी एक दिवस बेकायदेशीर काम केलं नाही," ते म्हणाले. "आता तीन कवळ्यांसाठी करू?"

त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटला नाही. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. इतका नियम पाळून काय मिळालं या माणसाला? अठ्ठाविसाव्या दिवशी ते दोघं निघाले. दोन दिवस हातात असावेत म्हणून. अर्धे शिवलेले पडदे ताई माझ्याकडे टाकून गेली. तिकडे पोचल्यावर भाऊजींनी नव्यानं अर्ज केला आणि तो इथल्या त्याच कचेरीत, त्याच खिडकीतल्या बाईकडे आला.

दोन महिन्यांनी लॅबच्या मालकाचा मला फोन आला. एक बाई वरची कवळी घेऊन आल्या होत्या, डावीकडे टोचते म्हणून. नव्या माणसानं दोनदा घासून ती आणखी बिघडवली. भाऊजींनी जाण्याआधी मालकाकडे एक चिठ्ठी ठेवली होती, परवान्याच्या कचेरीतल्या बाई येतील, मागच्या दाताखाली केसाएवढंच घासा. ती चिठ्ठी मालकाला बाई गेल्यावर सापडली. आता बाई म्हणत होत्या की ज्यानं बनवली त्यालाच दाखवायची आहे, आणि मालक मला विचारत होते की भाऊजी परत कधी येणार.

मी म्हटलं, ते त्या बाईंनाच विचारा. भाऊजींची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे.