घरच्या गाडीचं ग्रीस

हँडलच्या बेअरिंगला आणि चाकाच्या बेअरिंगला एकच ग्रीस चालत नाही, हे मला विशीतच कळलं होतं. हँडल जागच्या जागी थोडंसं वळतं, तापत नाही. त्याला पाणी आत शिरू न देणारं चिकट ग्रीस पुरतं. चाक तासन् तास फिरतं, शेजारी ब्रेक तापतो. तिथं उष्णता सोसणारंच लागतं. नांदेडात गॅरेज टाकल्यापासून हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना सुनावलंय. म्हणून माझ्या हातून झालं त्याला मी चूक म्हणत नाही. चूक न कळणाऱ्याची होते.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अहमदपूरजवळ शेती करतात. सहा वर्षांपूर्वी ते मोटारसायकल घेऊन आले. चाकाच्या ग्रीसचा डबा संपलेला. दुकान दोन चौक पलीकडं. पण जावयाकडून मजुरी घ्यायची नसते, आणि आमच्यात घरच्या गाडीला हाताशी असेल ते लावायची रीत आहे. रीत कसली, हरामखोरी! ट्रॅक्टरच्या ग्रीसच्या बादलीत हात घातला, हँडलला लावलं आणि तेच पुढच्या चाकात ठासून भरलं. दाजींनी विचारलंही, दोन्हीकडं एकच कसं? मी म्हणालो, "घरच्या गाडीला काय होतंय, दाजी."

आठवड्याच्या आत लातूरहून परतताना एका उतारावर पुढचा ब्रेक धरलाच नाही. मागच्या एकट्या ब्रेकनं गाडी थांबेना. दाजी उभ्या ट्रॉलीवर गेले, गुडघ्याचा चुरा झाला.

गाडी माझ्याकडंच आली. चाक खोललं तर ग्रीस पातळ होऊन, सील ओलांडून ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, पसरलेलं. भर दुपारी शटर ओढलं आणि पेट्रोलनं सगळं पुसून काढलं. मग दवाखान्यात जाऊन साऱ्या सोयऱ्यांसमोर खणखणीत सांगितलं की गाडीत काही दोष नाही, दाजीच जोरात होते.

तेव्हापासून बहीण त्यांना टोचत राहिली. लंगडत अंगणात आले की म्हणायची, आले बघा रेसवाले. लेकरांनी गाडी विकून टाकली. स्वतःच्या शेतावर जायला दाजी दुसऱ्याच्या मागं बसायला लागले. एकदा जेवताना ते हळूच म्हणाले, मी सावकाशच होतो. सगळे हसले. मीही हसलो. माझ्या त्या हसण्यानं आजही माझं डोकं फिरतं.

गेल्या महिन्यात, पन्नाशी उलटल्यावर, अहमदपूरला जाऊन दोघांना समोर बसवलं आणि ग्रीसपासून पेट्रोलपर्यंत सगळं सांगितलं.

बहीण म्हणाली, "सहा वर्षं मी या माणसाला बोलून राहिले. ते आता कोण गिळणार? तू?"

मी दाजींच्या पायाशी वाकलो. त्यांनी दुखरा पाय हातानं उचलून मागं घेतला. इतक्या वर्षांत त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"पाया पडू नको. ज्यांच्यासमोर बोललास त्या एकेकाला फोन लाव. इथंच, माझ्यासमोर."

पहिला फोन लातूरच्या चुलत्यांना लावला. सांगायला लागलो, पण पुटपुटतच. पलीकडून चुलते विचारत होते, काय म्हणतोस, ऐकू येत न्हाई.

"मोठ्यानं बोल," दाजी म्हणाले. "त्या दिवशी लई मोठ्यानं बोलला होतास."