गरजेचा तक्ता

कपबशी समोर आली की मला अजून घाम फुटतो हो! हसताय काय? आधी ऐका तर खरं. माझ्या जन्माची फजिती झाली ती एका कपबशीनं आणि एका खुर्चीनं. आणि ती फजिती मी स्वतःच्या हातानं, झोकदार अक्षरात, कचेरीच्या कागदावर लिहून दिली!

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी आपल्या नगर जिल्ह्यातल्याच एका म्युनिसिपालटीत बांधकामाकडे कारकून. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं मला बघून अजून तोंड फिरवून हसतात. तर म्युनिसिपालटीनं ठरवलं, गरिबांसाठी स्वस्त भाड्याच्या बारा पक्क्या खोल्या बांधायच्या. बाराच, कारण मंजुरीच तेवढी. आणि मागणाऱ्या वस्त्या दोन. एक ओढ्याकाठची, अकरा झोपड्यांची. दुसरी बाजारामागची गल्ली, तिथं चौदा घरं. आधी कुणाला द्यायच्या?

मीटिंगमध्ये नुसती हमरीतुमरी! जो तो मेंबर आपल्याच पेठेचं ओढतोय. एक म्हणाले, चिठ्ठ्या टाका. अध्यक्ष म्हणजे म्हातारे वकील, ते कपाळाला हात लावून बसलेले. आणि मला कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी उभा राहिलो.

"साहेब, गरज मोजता येते!"

मी तक्ता काढला. तीन दिवस खपून केला होता, लाल-काळ्या शाईत. प्रत्येक घराला गरजेचे शंभर मार्क. घरात पितळेचं घंगाळ दिसलं, दहा कमी. कपबशी दिसली, पंधरा कमी. खुर्ची दिसली, वीस कमी! शेवटी ज्या वस्तीचे मार्क जास्त, तिला आधी खोल्या. आणि खाली माझा शेरा, 'समक्ष पाहून खात्री केली.'

"अहो, तुम्ही कारकून कसले, बृहस्पती आहात!" अध्यक्ष म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. त्या तक्त्याकडे बघून मीच थक्क व्हायचो. त्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलात बसून मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, रकान्यासकट. हॉटेल बाजारामागच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

घरी येऊन आमच्या हिलाही ऐकवला. ही तांदूळ निवडत होती.

"म्हणजे ओढ्याकाठी दिवसभर उकिडवे बसणार? आणि गुडघा?"

"म्युनिसिपालटीचं काम आहे. गुडघा कसला काढतेस!"

"बरं," ती म्हणाली. एवढंच. मी कुठं तिच्याकडे बघत होतो? मी तक्त्याकडे बघत होतो.

आधी गेलो बाजारामागच्या गल्लीत. बघतो तर काय, चौदा घरं आणि चौदा फाटक्या गोधड्या! एका घरात गाडगं नाही धड. दाताला सोनं मढवलेला एक गृहस्थ भुईवर मांडी घालून बसला होता. "बसा साहेब, जमिनीवरच बसावं लागतंय. खुर्ची कुठली आमाला!" मी खुर्चीचा विषयही काढला नव्हता. पण माझं मन भरून आलं. शंभरपैकी शंभर!

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी. पहिलीच झोपडी भिकू पैलवानाची. अंगण सारवलेलं, सडा टाकलेला, आणि आत खुर्ची! वर भरतकामाची चादर, मोराची. बसलो तर डुगडुगली. दर घराच्या फॉर्मवर शेरा मी आदल्या रात्रीच लिहून ठेवला होता; त्यातल्याच एका जादा फॉर्मचा कोपरा फाडला, घडी केली, पायाखाली सारली. तेवढ्यात निळ्या फुलांच्या कपबशीतून चहा. कोपऱ्यात घंगाळ, लखलखीत. मी लिहिलं, पंचेचाळीस वजा.

दुसरी झोपडी. खुर्ची! मोराची चादर! निळी फुलं! मी म्हटलं, वा, वस्तीत एकी केवढी, सगळ्यांनी एकाच नमुन्याचं सामान घेतलंय.

तिसऱ्या घरी आपलं वाटलं, ही खुर्ची तरी डुगडुगणार. छे! वाकून बघतो तर पायाखाली कागदाची घडी आधीच घातलेली! अहो, मी मनातल्या मनात हात जोडले. पाहुण्याला काय लागेल हे याला माझ्याआधी कळलं!

आणि गंमत बघा. खुर्ची दर घरी कोमट. मी म्हटलं, ऊनच तसलं आहे. कप दर घरी ओला. मी म्हटलं, केवढी स्वच्छता! भिकू पैलवान दर दारात मला रामराम घालायला हजर, घामानं निथळत.

"पैलवान, धापा का टाकताय?"

"जोर मारत हुतो, साहेब."

"भर दुपारी?"

"सवय हाय!"

अकरावं घर मार्थाबाईचं. ती मिशनच्या दवाखान्यात आया. नवरा वारलेला, पदरी तीन पोरी. मागची भिंत गेल्या पावसाळ्यात ओढ्यात गेलेली, तिथं वाकळ टांगली होती. वारा आला, वाकळ उडाली, आणि मला थेट ओढा दिसला.

"बाई, ही भिंत?"

"हवा लई चांगली येती, साहेब."

"काही अडचण?"

"पावन्याला अडचन सांगायची व्हय? च्या घ्या."

घेतला. अकरावा! खुर्ची होती, कपबशी होती, घंगाळ होतं. पडलेल्या भिंतीला माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. मी लिहिलं, पंचेचाळीस वजा; खाली शेरा होताच, समक्ष पाहून खात्री केली.

घरी आलो तो पोटात चहा डुचमळतोय. टेकावं म्हटलं, तर खुर्ची नाही!

"अगं, आपली खुर्ची कुठाय?"

तेवढ्यात दारात भिकू पैलवान. डोक्यावर खुर्ची, बगलेत घंगाळ. मागं मार्थाबाई, कपबशी पदरात गुंडाळलेली. मला बघितलं आणि दोघंही जागच्या जागी थिजले.

"साहेब... तुमी हितं ऱ्हाता व्हय?" पैलवान कसाबसा म्हणाला.

मार्थाबाईनं हिच्या हातावर कागदाची घडी ठेवली. "आनि ह्यो कागद, बाई. एका पायाला लागतो." घडीवर अक्षर माझंच!

मी हिच्याकडे वळलो. "तू दिलीस?"

"दवाखान्यातल्या ओळखीच्या ह्या मार्थाबाई म्हणाल्या, साहेब येणार, बसवायला, चहाला, हातपाय धुवायला काही नाही. म्हटलं, ह्यांचा गुडघा दुखतो, तर दिली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? चार वर्षं बसताय तिच्यावर! तो मोर मी काढलाय. नवऱ्याला स्वतःची खुर्ची ओळखू येत नाही, हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

मला मटकन बसायचं होतं, पण त्या खुर्चीवर बसायची छाती होईना. मी म्हणालो, "मार्थाबाई, काय केलंत हे! खुर्ची दाखवलीत म्हणून तुमच्या वस्तीच्या खोल्या गेल्या!"

तिचा चेहरा उतरला. पावसाळा तोंडावर आला होता, आणि घरात तीन पोरी. मग म्हणाली, "व्हय? आमाला ठावं न्हवतं. पर साहेब, भिंत पडली म्हनून दारी आलेल्याला धोंड्यावर बसवायचं व्हय?"

अकरा घरांत मिळून एक खुर्ची नाही, आणि अकरा घरांत मला कुणी भुईवर बसू दिलं नाही! देवाशपथ सांगतो, एवढा मोठा माणूस मी आजवर कचेरीत बघितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली. मग असा हशा की शिपाईसुद्धा आत डोकावला. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"म्हणजे काल तुमच्या घरी खुर्ची नव्हती?"

"नव्हती, साहेब."

"कपबशी?"

"नव्हती."

"घंगाळ?"

"तेही... नव्हतं."

"मग लिहा की बृहस्पती! तक्त्याप्रमाणे गावातलं सगळ्यात गरजू घर तुमचंच!"

मग त्यांनी छत्री उचलली आणि कुणाला न कळवता सगळ्या मेंबरांना पायी घेऊन निघाले. बाजारामागच्या गल्लीत ओट्यांवर खुर्च्याच खुर्च्या, आणि सोन्याच्या दाताचे गृहस्थ झोपाळ्यावर! ओढ्याकाठी मात्र अध्यक्षांनी मार्थाबाईची वाकळ हातानं बाजूला केली आणि ओढ्याकडे बघितलं. ओढ्याकाठच्यांना खोल्या आधी, आणि त्यातही पहिली मार्थाबाईची, असं तिथंच उभ्याउभ्या ठरलं. त्या पावसाळ्यापुरतं तिला आणि पोरींना म्युनिसिपालटीच्या धर्मशाळेत जागा दिली.

वर्षाभरानं ती नव्या खोलीत राहायला गेली. आम्हां दोघांना बोलावणं आलं. चार भिंती, चारी पक्क्या! मी हात लावून बघितल्या, खरंच. मार्थाबाईनं खुर्ची पुढं केली. मी ऐसपैस बसलो, अंगठा मोरावर फिरवला आणि मोठ्या कौतुकानं म्हणालो, "वा, मार्थाबाई! शेवटी स्वतःची खुर्ची घेतलीत!"

हिनं कपाळाला हात लावला. मार्थाबाईनं तोंडाला पदर लावला.

"साहेब, सकाळीच तुमच्या घरून आनली. जरा वाकून बघा की."

वाकलो. पायाखाली तीच कागदाची घडी होती. वर माझ्या झोकदार अक्षरात लिहिलेलं, 'समक्ष पाहून खात्री केली.'