कोटकाकूंचा निळा कोट

क्वीन्सटाउनच्या जुन्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या संजीवनी पद्माकर गोखले यांना सिंगापूरच्या मराठी मंडळींत सगळे कोटकाकू म्हणतात. तोंडावर नव्हे, पाठीमागे. अर्थात हे नाव त्यांना केव्हाच कळलेलं आहे आणि त्यांना ते मनापासून आवडतं. मात्र आवडल्याचं दाखवायचं नाही, एवढं पथ्य त्या पाळतात.

नाव पडलं ते कपाटामुळे. सिंगापूरला बारा महिने तेरा काळ घामाच्या धारा. इथे गरम कोट विकत घेऊन करायचं काय? पण लोकांना कधी कॅनडातल्या बहिणीकडे जायचं असतं, कधी जर्मनीतल्या ऑफिसात, कधी स्वित्झर्लंडला बर्फात फोटो काढायला. मग फोन येतो संजीवनीताईंना. त्यांच्या आतल्या खोलीतल्या कपाटात लहानमोठे पंधरा-वीस कोट, हातमोजे, कानटोप्या आणि आतून घालायचे गरम कपडे असतात. सुरुवात त्यांनी केली नव्हती. वीसेक वर्षांपूर्वी पुण्याला परत जाणाऱ्या एका कुटुंबानं दोन जाकिटं ‘राहू द्या तुमच्याकडे’ म्हणून टाकली, त्यावर आणखी कुणी टाकली, आणि बघता बघता संजीवनीताई अख्ख्या मराठी सिंगापूरच्या थंडीच्या मालकीण झाल्या.

थंडीचे कपडे या हवेत सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्यासारखं आहे. जरा दुर्लक्ष झालं की बुरशी धरते. म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या, ओल शोषून घेणारे डबे, आणि दर महिन्याला उन्हाचा कार्यक्रम. खिडकीबाहेरच्या बांबूंवर भर उन्हात लोकरीचे कोट लटकायला लागले की शेजारची चिनी आंटी मान बाहेर काढून विचारते, “आंटी, यू गोइंग व्हेअर आह? सो हॉट लाह!” आणि संजीवनीताई म्हणतात, “मी नोव्हेअर. कोट गोइंग.”

ते अगदी खरं होतं. कोट जगभर फिरून आले, संजीवनीताई कुठेही गेल्या नव्हत्या. वर्षाला एकदा पुणे, की झालं. आधी मुलीची, इशिताची शाळा, मग सासूबाईंचं आजारपण, मग पद्माकररावांचं. परत आलेल्या कोटाचं तुटलेलं बटण त्या लावायच्या, उसवलेली शिवण घालायच्या, आणि घालता घालता आणणाऱ्याकडून सगळ्या प्रवासाची हकीकत ऐकून घ्यायच्या. त्यांच्या फ्रिजचा दरवाजा लोकांनी आणलेल्या चुंबकांनी इतका भरला होता की मूळचा रंग कुणाला आठवत नव्हता.

कपाटातला एकच कोट कधी कुणाला मिळाला नाही. गडद निळा, लांब, लोकरी. पद्माकररावांचा. ऑफिसच्या कामासाठी ते एकदा रशियात सेंट पीटर्सबर्गला गेले होते, तेव्हा तो शिवून घेतला होता. तिथे सुट्टीच्या दिवशी त्यांनी शहराबाहेरचा राणीचा महाल पाहिला आणि पुढे आयुष्यभर तो सगळ्यांना दाखवला, म्हणजे तोंडानं. गणपतीत चार माणसं जमली की सुरू. “हाच कोट घालून त्या सोन्याच्या दालनात उभा राहिलो. भिंतीभर आरसे. बघावं तिकडे मीच! दारावरच्या रखवालदाराला वाटलं, कुणी सरदार आला. त्यानं खाडकन सलाम ठोकला.” दर वर्षी तो सलाम जरा जास्त जोरात ठोकला जायचा. शेवटी ते संजीवनीताईंकडे वळून म्हणायचे, “तुला एकदा दाखवतो बघ.” ते दाखवायचं राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी पद्माकरराव गेले.

त्यानंतर तो कोट म्हणजे संजीवनीताईंना देवघरातल्या वस्तूसारखा झाला. नवऱ्याच्या आयुष्यातल्या सर्वांत ऐटबाज क्षणी हा कोट त्यांच्या अंगावर होता. आपण नव्हतो, कोट होता. त्यामुळे तो कुणा परक्याच्या अंगावर जावा ही कल्पनाही त्यांना सहन होईना. विद्यापीठात संशोधन करणारी चैत्राली नॉर्वेला निघाली होती. पोरगी ताडमाड उंच. कपाटातला एकही कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचेना. निळा तिला अगदी मापात बसला असता. तिनं हात लावला मात्र, संजीवनीताई फटकन म्हणाल्या, “तो नाही द्यायचा.” चैत्रालीचा चेहरा पडला. ती आखूड जाकीट घेऊन गेली आणि परत आली ती छातीत कफ घेऊन. संजीवनीताईंनी तिला आठवडाभर आल्याचा काढा पोचवला, पण पोरीच्या मनाला लागायचं ते लागलंच.

मार्चच्या सुट्टीत इथल्या काही मराठी कुटुंबांनी रशियाची सहल ठरवली तेव्हा इशितानं आईला न विचारता दोघींची नावं देऊन टाकली. “आई, बाबा इतकी वर्षं सांगत होते. आता जाऊन बघू या. नो excuse, लाह.” संजीवनीताई आधी नको नको म्हणाल्या आणि मग गुपचूप भाजणी भाजायला घेतली.

निघायच्या दोन दिवस आधी त्यांची जी फजिती झाली ती फक्त त्यांचीच होऊ शकते. सहलीतल्या प्रत्येकाला त्यांनी कोट वाटले. ह्याला बाह्या लांब होतात, तो बदलून दे. तिला टोपी हवी, ही घे. शेवटच्या दिवशी टोरांटोला निघालेल्या कुणा नवख्या जोडप्याचा फोन आला, तर स्वतःसाठी बाजूला काढलेला तपकिरी कोटही देऊन मोकळ्या झाल्या. रात्री बॅग भरताना इशितानं विचारलं, “आई, तुझा कोट?” संजीवनीताईंनी कपाट उघडलं. आत निळा कोट एकटा लटकत होता.

“मस्त!” इशिता म्हणाली. “बाबांचाच घाल.”

घातला. तो घोट्यांपर्यंत आला आणि हात बाह्यांत गडप झाले. पण कॉलरला गाल लागला तशी त्यांनी ती तिथेच धरून ठेवली. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की हा कोट घालूनच त्या दालनात उभं राहायचं. पद्माकर जिथे उभे राहिले तिथेच. त्यांनी दाखवलं नाही तर नाही, आपण त्यांच्या कोटाला घेऊन जाऊ. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, इशितालासुद्धा नाही.

महालाच्या बाहेर बर्फाचे ढीग होते आणि वारा असा की नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं. निळ्या-पांढऱ्या भिंती, वर सोनेरी घुमट. रांग हळूहळू सरकत आत गेली. गाइड बाई, ओल्गा तिचं नाव, इंग्रजी छान बोलायची. तिनं सगळ्यांना कानाला लावायची यंत्रं दिली, बुटांवर चढवायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या, आणि एका लांबलचक लाकडी काउंटरकडे बोट करून म्हणाली, “कोट इथे ठेवायचे. कोट घालून आत जाता येत नाही.”

सगळे भराभर कोट उतरवू लागले. संजीवनीताईंनी दोन्ही हातांनी कॉलर घट्ट धरली.

“आई, काढ ना,” इशिता म्हणाली.

“मला थंडी वाजते.”

“आत हीटर आहे. Everybody also must.”

“मग मी बसते इथे बाकावर. तुम्ही या जाऊन.”

इशिता बघत राहिली. आईचे डोळे भरले होते आणि ओठ लहान मुलासारखे मुडपले होते. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की हे थंडीचं प्रकरण नाही. तिनं आवाज खाली आणला. “आई, तू दारापर्यंत येऊन परत गेलीस हे बाबांना कळलं तर ते काय म्हणतील? आयुष्यभर चिडवतील.”

आयुष्यभर कुणाच्या, हा प्रश्न दोघींनीही काढला नाही. मागची रांग चुळबुळ करायला लागली होती. संजीवनीताईंनी एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि काउंटरवर ठेवला. त्या क्षणी त्यांना इतकं एकटं वाटलं की पद्माकररावांना दवाखान्यातून नेलं तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान धावपळ होती.

काउंटरपलीकडे जाडजूड, चष्मा लावलेली एक म्हातारी होती. तिनं कोट उचलला, कॉलरच्या आत बघितलं आणि रशियनमध्ये तोंडाचा पट्टा सुरू केला. बोट कॉलरवर, मग खुंटीवर, परत कॉलरवर. संजीवनीताई घाबरून गेल्या. ओल्गानं हसत सांगितलं, “कोट अडकवायचा बंद तुटलाय म्हणते. बंद नसलेला कोट अडकवायचा कसा? इकडे सगळ्यांना यावरून बोलणी खावी लागतात.” म्हातारीनं नाक मुरडलं, कोट काखेत मारला, नंबराचा बिल्ला आदळला आणि आत गेली.

लोकांचे कोट वीस वर्षं दुरुस्त करणाऱ्या संजीवनीताईंना आपल्याच कोटावरून बोलणी बसली. पण खरी गोष्ट अशी की त्या कोटाला सुई लावायला त्यांचा हातच धजला नव्हता. पद्माकरांनी तुटका ठेवलाय ना, मग तुटकाच राहू दे.

दालनामागून दालनं जात होती. ओल्गा कानात सांगत होती, कुठली राणी कुठे जेवायची, शेगडीला निळी फरशी का, युद्धात हा महाल कसा जळाला आणि नंतर लोकांनी वर्षानुवर्षं खपून तो परत कसा उभा केला. संजीवनीताईंचं अर्धं लक्ष खाली होतं. म्हातारीनं कोट कुठे टाकला असेल? जमिनीवर तर नाही? दुसऱ्या कुणाला दिला तर?

मग ते सोन्याचं दालन आलं. पद्माकररावांनी कितीही मीठमसाला लावला असला तरी दालनाच्या बाबतीत ते कमीच बोलले होते. खिडक्यांतून बर्फावरचा उजेड येत होता, सोन्याची वेलबुट्टी छतापर्यंत चढली होती, आणि भिंतीभर खरोखरच आरसे होते. बघावं तिकडे संजीवनीताई. निळी प्लॅस्टिकची पावलं, गुलाबी स्वेटर, त्यावर मंगळवार पेठेतून आणलेली शाल. आरशात त्या निळा कोट शोधू लागल्या. स्वतःचा नाही, कुणाचाही. एवढी माणसं होती, चिनी, रशियन, आपली. पण एकाच्याही अंगावर कोट नव्हता.

“इशिता,” त्या हळूच म्हणाल्या, “तिला विचार, पूर्वी चालायचा का कोट? आठ-दहा वर्षांपूर्वी?”

इशितानं विचारलं. ओल्गानं मान हलवली. “छे! मी पुष्कळ वर्षं इथे येते. बाहेरचा ओला कोट या जमिनीवर? कधीच नाही. राष्ट्राध्यक्ष आले तरी काढावा लागेल.”

संजीवनीताईंनी पुन्हा एकदा आरशात पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. इशिताला वाटलं रडतेय. तिनं धरायला हात पुढे केला तर आई हसत होती. शाल तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. खुर्चीवर बसलेली पहारेकरी बाई “शूऽऽ” म्हणाली, तसं त्यांना आणखीच हसू फुटलं.

“अगं, कोट खाली होता! सलाम नाही, सरदार नाही, काही नाही! हे आपले स्वेटर घालून, पायात पिशव्या घालून फिरले!”

“म्हणजे बाबांनी सरळ सरळ थाप मारली?”

“सरळ कसली? कडक इस्त्री केलेली.”

मग मात्र त्या खरोखर रडल्या. दोन वर्षं छातीशी धरून ठेवलेली ती ऐटबाज आकृती गेली होती, आणि तिच्या जागी पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेला, आरशात पोट आत ओढून बघणारा आणि घरी जाऊन बायकोला काय काय सांगू या विचारानं खूश झालेला त्यांचा खरा नवरा उभा होता. तो त्यांना त्या सरदारापेक्षा कितीतरी जवळचा वाटला. उरलेला महाल त्यांनी अगदी मन लावून पाहिला, प्रश्न विचारून ओल्गाला भंडावून सोडलं आणि भिंतीभर पिवळा अंबर जडवलेल्या खोलीतून निघायला तयारच होईनात.

खाली आल्यावर बिल्ला दिला. म्हातारीनं कोट आणला आणि तो एका बोटावर लटकवून दाखवला. कॉलरच्या आत काळ्या फितीचा नवा बंद शिवलेला होता. टाके जाड होते, थोडे वाकडेही होते, पण असे पक्के की बैल बांधावा. म्हातारीनं बोट नाचवून पुन्हा दम दिला.

संजीवनीताईंनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. जन्मभर त्यांनी लोकांच्या गुंड्या लावल्या. आपला कोट कुणी न सांगता शिवून ठेवलाय, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी हात जोडले, मग तेवढ्यानं समाधान होईना म्हणून पर्समधली भाजणीच्या चकल्यांची पुडी काढून काउंटरवर ठेवली. म्हातारीनं पुडी हुंगली, एक चकली तिथेच मोडून खाल्ली आणि उरलेली घाईघाईनं खणात टाकली.

नोव्हेंबरात चैत्राली पुन्हा नॉर्वेला निघाली. या वेळी ती दारातच अवघडून उभी होती. “काकू, मागचंच जाकीट द्या. आत दोन स्वेटर घालीन.”

“आत ये आधी.” संजीवनीताईंनी कपाट उघडलं, निळा कोट काढला आणि तिच्या खांद्यांवर चढवला. तो अगदी मापात बसला.

“अहो, हा तर काकांचा! हा तुम्ही कुणाला…”

“कोट घालायलाच असतो. हे बघ, साधासुधा कोट नाही हा. काका हाच घालून राणीच्या सोन्याच्या दालनात उभे राहिले होते. कोणी सरदारच आला असं वाटून रखवालदारांनी खाडकन सलाम ठोकला. दोघांनी!”

सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या इशितानं मान वर केली. आईकडे बघितलं. आईचा चेहरा अगदी गंभीर होता.

“तिघांनी,” इशिता म्हणाली आणि परत कामाला लागली.

“बरोबर, तिघांनी,” संजीवनीताई म्हणाल्या आणि कॉलर नीट करता करता आतला काळा बंद एकदा ओढून पाहिला. “हा तेवढा सांभाळ. आणि आल्यावर सगळं सविस्तर सांगायचं, कळलं? जरा वाढवून सांगितलंस तरी चालेल.”